थिनरनं मेलेलं नाक

बडनेरा रोडवरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मी माझ्या जुन्या गाडीच्या इंजिनवरचं प्लास्टिकचं कव्हर रंगवायला दिलं. रंगवणारा पन्नाशीचा, सडपातळ माणूस होता. नाव मी विचारलंच नाही.

त्याने कव्हर काढून साबणाने धुतलं, बारीक पॉलिश पेपरने घासलं आणि थिनरच्या फडक्याने पुसलं. मी हात पुढे केला तर म्हणाला, "बोट नका लावू भाऊ, रंग सुटते." मग प्रायमर आणि काळ्या रंगाचे तीन पातळ हात. समोर कोणी बिडी पेटवली की तो फवारा थांबवून ती विझेपर्यंत बघत राहायचा.

वाळलेलं कव्हर बसवून झालं. किल्ली हातात घेऊन तो तसाच उभा राहिला.

"भाऊ, जरा वाकून पाहा बरं. पेट्रोलचा वास येऊन राह्यला का? कव्हर काढताना नळी हलली असंल तर?"

"तुम्हीच बघा ना."

"थिनरनं मायं नाक मेलं. घरी गॅसबी बायकोले इचारल्याशिवाय पेटवत नाही. भेव वाटते."

मी वाकलो आणि म्हणालो, "नाही येत."

त्याने तोंड फिरवलं, डोळे मिटले आणि किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं तेव्हा त्याने बाहीने कपाळ पुसलं.

भातकुलीच्या रस्त्यावर मला शिंक आली. रुमाल काढता काढता मी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. मला तीन दिवसांपासून सर्दी होती. त्या शेडमध्ये मला थिनरचासुद्धा वास आला नव्हता.