दहा मिनिटांचा श्वास

माझा मोठा भाऊ वलगावला शेती पाहतो आणि तरुणपणापासून तंबाखू-सुपारीचा खर्रा खातो. त्याच्या तोंडाची काळजी त्याच्यापेक्षा मलाच जास्त. म्हणून दोन वर्षांपूर्वी इथे अकोल्यात, मी राहते तिथेच, श्वासावरून कॅन्सरचा संशय ओळखायचं शिबिर असल्याचं कळलं, तेव्हा मी लगेच त्याला फोन लावला.

“कापडी मास्क लावून दहा मिनिटं श्वास घ्यायचा. तो मास्क मग बंद पिशवीतून प्रयोगशाळेत जाते. तिथं शिकवलेले कुत्रे वास घेतात. कुत्रं कोणत्या मास्कपाशी थांबलं, कसं थांबलं, ते सगळं कॉम्प्युटर तपासते.”

“म्हणजे मले काय झालं ते कुत्रं सांगीन?”

“भाऊ, तू ये तर.”

तो आला, पण दारातच अट घातली. “तू बी लावशीन तरच मी लावीन.” नवरा गेल्यापासून मी एकटीच, माझं काय बिघडणार होतं? मी हो म्हटलं.

शिबिर एका शाळेत होतं. तिथल्या एका वर्गात आम्ही शेजारी शेजारी मास्क लावून बसलो. बोलायचं नाही, अशी सूचना होती. भाऊ दहा मिनिटं गप्प बसलेला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. त्या शांततेत मला आमचं वलगावचं अंगण आठवलं.

आमच्याकडे एक तांबडं गावठी कुत्रं होतं. आम्ही त्याला नुसतं ‘यू यू’ करून बोलवायचो. माय तूर पाखडायला बसली की ते सगळ्यांना ओलांडून तिच्या डाव्या बाजूला जायचं आणि पदराशी नाक खुपसायचं. माय सूप उगारायची. “हाड! काय हुंगून राहिलं रे मले?” आम्ही दोघं हसून हसून लोळायचो. पुढच्या वर्षी मायच्या छातीतली गाठ आम्हाला कळली, तेव्हा अमरावतीच्या डॉक्टरांनी फार उशीर झाल्याचं सांगितलं. त्या कुत्र्याला काही समजलं होतं, असं मी म्हणणार नाही. मी जन्मभर विज्ञान शिकवलं. पण त्याला हाकलायला मीही काठी घेऊन धावले होते, हे मी विसरलेले नाही.

मास्क काढल्याबरोबर भाऊ म्हणाला, “आपलं तांबडं कुत्रं आठवते तुले? मायच्या मांगं लागे ते?”

मी मान हलवली. मग बसस्टँडपर्यंत आम्ही मायबद्दलच बोलत गेलो. तिच्या हातची ज्वारीची भाकर, वलगावच्या बाजारातून तिनं आणलेल्या हिरव्या बांगड्या, तिचा मोठ्ठा आवाज. कितीतरी वर्षांत आम्ही एवढं बोललो नव्हतो.

तीन आठवड्यांनी प्रयोगशाळेतून एका मुलीचा फोन आला. भावाच्या मास्कमध्ये संशयास्पद काही नव्हतं. माझ्या मास्कमध्ये होतं. “घाबरू नका, हे निदान नाही. पण पुढच्या तपासण्या नक्की करा,” ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

तपासण्या केल्या. मॅमोग्राफीत डाव्या स्तनात बारीकशी गाठ दिसली, हाताला लागलीच नसती इतकी लहान. सुईने तुकडा काढून तपासला आणि कॅन्सर पक्का झाला. डॉक्टर म्हणाले, “फार लवकर आलात तुम्ही.” हे वाक्य मायला ऐकायला मिळालं नव्हतं. मी दवाखान्याच्या बाकावर बसून रडले.

भावाला फोनवर सांगितलं. पलीकडून कपाट उघडल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, “बॅग भरून राहिलो. निंगतो.”

ऑपरेशन झालं, मग किरणोपचार. भाऊ दोन महिने माझ्याकडे राहिला. ज्यानं जन्मात चहा केला नव्हता तो फोनवर वहिनीला विचारून पिठलं शिकला. पहिल्या दिवशी त्यात गुठळ्याच गुठळ्या.

“कसं झालं?”

“माय असती तर सूप फेकून मारलं असतं तुले.”

तो इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते पाणी थांबेना. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

आता दर सहा महिन्यांनी तपासणी असते. आतापर्यंत सगळं ठीक आहे. खर्रा त्यानं सोडला नाही. कमी केला म्हणतो, माझा विश्वास नाही. परवा तो येताना शेतातल्या तुरीच्या ओल्या शेंगा घेऊन आला. मिठाच्या पाण्यात उकडून आम्ही त्या टोपलीभर खाल्ल्या आणि शेवटच्या मूठभर शेंगांसाठी लहानपणीसारखे भांडलो.