निळ्या धाग्यांचा खोपा

दार उघडलं की सुकलेल्या कडुलिंबाच्या पानांचा कडवट, शांत गंध अंगावर येतो. सौंसरच्या आमच्या दोन खोल्यांच्या संग्रहालयाचा तो जणू श्वासच! माझ्या यजमानांनी आयुष्यभर फिरून ते उभं केलं: सरकी काढायचा लाकडी रेचा, गोंड स्त्रियांचे गळ्यातले दागिने, देशी कापसाची बोंडं. जुनं तेवढंच ठेवायचं, हा त्यांचा नियम. ते गेल्यावर मी एकही वस्तू हलवली नाही, एकही वाढवली नाही; धूळ मात्र रोज पुसत राहिले.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर रामाकोन्याच्या वत्सलाबाई आल्या. संत्र्याची बाग आणि कपाशी एकटीनं सांभाळणारी बाई. पिशवीतून त्यांनी हलक्या हातानं सुगरणीचा खोपा काढला. तोच डौल, तीच नाजूक वीण. पण गवत जवळजवळ नव्हतंच. खताच्या पोत्यांचे निळे-पांढरे प्लास्टिकचे धागे!

"अहो, पण हा तर आत्ताचा आहे," मी म्हणाले.

"आत्ताचाच हाय, बाई. तणनाशक मारू मारू बांधावर गवत तं उरलंच नाही. पाखरू का करन? भेटलं त्याचं विणून राह्यलं."

"आणि पिल्लं?"

"उडाली ना! मंगच काढला. पिल्लं असताना कोन हात लावते?"

मी खोपा हातात घेतला. त्या पाखराच्या निरुपायातून आलेल्या कौशल्याचं आणि पिल्लं उडेपर्यंत थांबलेल्या या बाईच्या धीराचं मोल कोणत्या काळाच्या मापानं करावं? तो लाकडी रेचाही कधीकाळी कुणासाठी आजचाच होता ना! मी यजमानांचं काचेचं कपाट उघडलं आणि बोंडांच्या शेजारी जागा केली. नियम मोडला, पण मन विलक्षण हलकं झालं, जणू त्यांनीच मान डोलावली.

खोप्याची गोष्ट गावोगाव पोचली, तसे लोक आपापल्या वस्तू घेऊन येऊ लागले. पांढुर्ण्याहून कुणी लग्नगीतांच्या कॅसेटी आणल्या, तिगावहून कुणी पाण्यावाचून वाळलेल्या संत्र्याच्या खोडाची चकती. किती दिलं या माणसांनी मला!

यंदा पावसाळ्यात वत्सलाबाईंनी शेतावर बोलावलं. बांधावर कमरेएवढं गवत डुलत होतं. "औंदा फवारलंच नाही," त्या म्हणाल्या. बाभळीवर एक हिरवा, ओला खोपा झुलत होता. त्यात एखादाच निळा धागा.

"हा बी नेता का म्युझियमात?"

"नाही, वत्सलाबाई. हा इथंच राहू द्या."

आतून पिल्लांची चिवचिव ऐकू येत होती. आम्ही दोघी पाऊल न वाजवता मागे सरलो.