चेन सटकते ती कुणामुळे

आमच्या सायकलची चेन सटकते याला कारण माझी बायको आहे, असं निदान मी केलं होतं. निदान करणं हा माझा स्वभाव आहे. मिक्सर बंद पडला, गिझर गळायला लागला, शेजाऱ्यांकडे भांडण लागलं, की मी जरा मागे सरकतो, हाताची घडी घालतो आणि निदान करतो. (दुरुस्ती दुसरं कुणीतरी करतं. सगळंच एका माणसाने करायचं म्हणजे काय?)

सायकल वर्षाची. वर्षा म्हणजे माझी बायको. लहानपणी तिच्या घरी एकच सायकल होती आणि ती भावाची होती. हिने मागायची आणि त्याने "पडशील" म्हणायचं, यात हिची शाळा संपली. मग कॉलेज, बँकेतली नोकरी, मुलगा, माझ्या आईचं आजारपण. पन्नाशी उलटल्यावर एके दिवशी ती स्वतःच्या पैशांनी गिअरची सायकल घेऊन आली आणि म्हणाली, "मला शिकव." मी शिकवली. मरोळच्या आमच्या सोसायटीत ती सकाळी चकरा मारायला लागली, तेव्हा तिचा चेहरा असा काही दिसायचा की तसा तो मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. (लग्नात तिच्या शेजारी मी होतो, हेही लक्षात घ्यायला हवं.)

दसऱ्याला सोसायटीत सगळ्यांच्या गाड्यांना हार घातले जातात. मग हिच्या सायकलला का नको? हँडलला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं. थोडी माळ उरली, ती मी मागच्या चाकाला, गिअरपाशी, गोल गोल गुंडाळून फार सुरेख सजावट केली आणि फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. सत्तावीस जणांनी अंगठे दाखवले. फुलं सुकल्यावर मीच सगळं हिसकून काढून टाकलं.

त्याच आठवड्यात वर्षा वर येऊन म्हणाली, "सुहास, चेन सटकतेय रे."

"सटकते म्हणजे?"

"जोर लावला की खट्ट करते आणि पाय एकदम खाली जातो. आत्ता रॅम्पवर पडलेच असते मी."

मी खाली गेलो. मागचं चाक उचलून धरलं आणि हाताने पेडल गरगर फिरवलं. खट्ट नाही की खुट्ट नाही. चेन अगदी शहाण्यासारखी फिरत होती.

"सायकलला काही झालेलं नाही," मी जाहीर केलं. "तू पेडल दाबतेस. दाबायचं नसतं, फिरवायचं असतं."

"मी फिरवतेच."

"तुला वाटतं तू फिरवतेस."

तेवढ्यात तळमजल्यावरचे परबकाका आले. काका मूळचे मालवणचे, उमेदीची वर्षं गिरणीत गेलेली. यंत्र कुठलंही असो, त्यांच्या मते त्याला एकच रोग होतो, तो म्हणजे तेल कमी पडणं. "तेल घाल रे," ते म्हणाले. "तेल नसला तर मशीन चलतला कसा?" आणि शिलाई मशीनच्या तेलाची बाटली घेऊनच आले. काकांना थेंब हे माप मान्य नव्हतं. चेन, मागच्या दातेरी चकत्या, टायर, फरशी आणि माझी पँट असं सगळं त्या दिवशी काळंभोर झालं. दुसऱ्या दिवशी चेन पुन्हा सटकली. फक्त आता आवाज न करता सटकली.

म्हणजे तेलाचाही प्रश्न नव्हता, म्हणजेच माझं निदान बरोबर होतं. मग मी वर्षाचा क्लासच सुरू केला. ती सायकलवर पुढे आणि मी बाजूने धावतोय. "गिअर बदल! आता नको, आता बदल! दाबू नकोस, अगं दाबतेयस तू!" ती आधी नीट चालवायची, ती आता पेडल मारताना स्वतःच्या पायांकडे बघायला लागली. आणि पायांकडे बघत सायकल चालवणारा माणूस जिथे जातो तिथेच ती गेली, कुंड्यांमध्ये. येत्या रविवारी बाजूच्या सोसायटीतल्या मैत्रिणींबरोबर ती पहिल्यांदा गेटच्या बाहेर पडणार होती. थेट आरे कॉलनीपर्यंत. महिनाभर दुसरा विषय नव्हता घरात.

त्या संध्याकाळी मी तिला फोनवर बोलताना ऐकलं. "नाही गं, तुम्ही जा. मला नाही जमत. सुहास म्हणतो माझं पेडल मारणंच चुकतं." मग फोन ठेवून ती मला म्हणाली, "विकून टाकू या सायकल. दादा बरोबरच म्हणायचा."

मला वाईट वाटलं. पण खोटं कशाला सांगू, त्याच्या आधी क्षणभर बरं वाटलं, कारण माझं म्हणणं कुणीतरी शेवटी मान्य केलं होतं. माणूस किती फालतू असतो, हे कळायला त्याला फार लांब जावं लागत नाही. रात्रभर तिने टीव्ही लावला नाही, ती माझ्याशी भांडली नाही, आणि ते भांडण नसणं मला फार जड गेलं.

परबकाकांना सुनेसाठी सायकल हवीच होती. शनिवारी ते बघायला आले.

"चेन सटकता ना रे ही?"

"छे हो काका, सायकल झकास आहे. दोष चालवणारीचा आहे. थांबा, दाखवतो."

आमच्या पार्किंगमधून गेटकडे जायला एक चढाचा रॅम्प आहे. मी टांग मारली, रॅम्पवर घेतली आणि चढ आल्यावर पेडलवर उभा राहिलो. माझं वजन वर्षाच्या दीडपट. खट्ट झालं. पाय खाली गेला, गुडघा हँडलवर आपटला, मी रॅम्पवर पडलो आणि सायकल माझ्यावर.

वर्षा गॅलरीतून बघत होती. ती धावत खाली आली. मला वाटलं, कितीही झालं तरी बायको आहे.

"सटकली? सुहास, सटकली ना?"

"अगं, माझा गुडघा..."

"गुडघा राहू दे. जोर लावल्यावरच सटकली ना? पाय एकदम खाली गेला ना?"

"गेला."

ती तिथेच रॅम्पवर बसली आणि हसायला लागली. काका घाबरून माझ्याकडे बघायला लागले. हसता हसता तिचे डोळे भरून आले. "म्हणजे मला येते रे सायकल," ती म्हणाली. "मला येते."

मी पडल्या पडल्या तिच्याकडे बघत राहिलो. मला इतकी लाज बऱ्याच दिवसांत वाटली नव्हती.

मग तिने सायकल उलटी करून सीटवर उभी केली. "काका, टायर घट्ट धरा. अजिबात फिरू देऊ नका." काकांनी धरला. हिने हाताने पेडल पुढे दाबलं आणि वाकून मागे बघितलं. जोर पडल्यावर चेन एका चकतीच्या दातांत नीट बसतच नव्हती, खालून काहीतरी तिला उचलत होतं आणि ती दातांवरून उडी मारत होती. हे करायला अर्धं मिनिटही लागलं नाही. चाक मोकळं ठेवून मी महिनाभर फिरवलं असतं तरी मला काही दिसलं नसतं.

वर्षा वर जाऊन विणकामाची आकडी घेऊन आली. दोन चकत्यांच्या फटीत आकडी घालून तिने हळूच ओढलं. तेलाने माखलेला काळा दोरा बाहेर यायला लागला. येतोय, येतोय, संपतच नाही. शेवटी त्याला चिकटलेला एक गोळा निघाला. तिने तो फडक्याने पुसला. आत थोडा केशरी रंग होता.

"ह्यां काय? झेंडू?" काका म्हणाले.

"दसऱ्याची माळ," वर्षा म्हणाली. "गिअरपाशी कुणी गुंडाळली होती रे?"

मी गुडघा तपासायला घेतला.

"पण तेल घातलला म्हणान दोरो कसो सुळकन इलो, बघ," काका समाधानाने म्हणाले आणि सायकल न घेता घरी गेले.

रविवारी सकाळी गेटबाहेर मैत्रिणी थांबल्या होत्या. क्रेप बँडेज बांधून, कठडा धरत धरत मी खाली गेलो. वर्षा हेल्मेट घालून सायकलवर बसली. शिकवताना मी मागून सीट धरून पळायचो, तशी ती मी सवयीने धरली.

ती मागे न बघता म्हणाली, "सुहास, सोड आता."

मी सोडली. ती पेडलवर उभी राहिली आणि रॅम्प चढून गेटबाहेर गेली. मी मोठ्या मनाने सोडली असं लिहायला मला आवडलं असतं. पण खरं म्हणजे त्या गुडघ्याने मागून धावणं मला शक्यच नव्हतं.