राजमला खरं सांगायला: अंधेरी ते घाटकोपर

घाटकोपरला जायचं मी ठरवलं ते अ‍ॅग्नेसबाईंच्या ओट्यावर उभी असताना, हातात एक कागद धरून. पन्नासच्या दशकातली गोष्ट. नेमकं साल सांगत बसत नाही. मी चोवीस वर्षांची होते आणि माझी मुलगी छबी तीन वर्षांची. आता अंधेरीहून घाटकोपरला मेट्रोने अर्धा तासही लागत नाही. नात म्हणते, "आजी, एवढ्याशा अंतराचं कसलं प्रवासवर्णन?" पण घरातल्या कुणालाही न विचारता मी केलेला तो पहिला प्रवास होता, आणि जाता-येता सबंध रस्ताभर मी संतापलेली होते. अजूनही तो कागद आठवला की माझं डोकं फिरतं.

आधी राजम कोण ते सांगते. अंधेरी स्टेशनच्या पूर्वेला आमची दुमजली इमारत होती, आठ बिऱ्हाडांची. आमच्या घरात सासरे, सासूबाई, माझा नवरा वसंत, मी आणि छबी. शेजारच्या खोलीत राजम, पालघाटकडची. तिचा नवरा फोर्टातल्या एका कचेरीत स्टेनो होता. त्यांना एक शाळकरी मुलगी.

आमच्या घरी कॉफी म्हणजे वाण्याकडची कॉफीची वडी. वरून साखर, आत कॉफीची पूड. ती दुधात टाकायची, जायफळ घालायचं आणि सगळं रटरटा उकळायचं. तीसुद्धा मामंजींसाठी, पाहुण्यांसाठी, नाहीतर आजाऱ्यासाठी. सासूबाई आणि मी दुपारी सकाळच्या चहाचा चोथा पुन्हा उकळून प्यायचो. त्यात काही वावगं आहे असं मला तेव्हा वाटतही नव्हतं, आणि याचाच मला आता जास्त राग येतो.

राजमने मला दुपारी तीनला पहिल्यांदा कॉफी दिली ती पितळी पेल्यात, खाली पितळी वाटी. एक घोट घेतला आणि मी तोंड वाकडं केलं.

"कडू आहे गं!"

"कडूच असते," राजम म्हणाली. "आठ दिवस पी. मग बोल."

आठ दिवसांनी मी नुसता पेला पुढे केला. मग ती मला एकेक शिकवत गेली. तिचा भाऊ गावाहून हिरव्या बिया पाठवायचा. त्या लोखंडी तव्यावर मंद आचेवर भाजायच्या, तव्याजवळून हलायचं नाही, कारण रंग चढतो तो एकदम चढतो. भाजून गार झाल्या की फळीला ठोकलेल्या छोट्या यंत्रात दळायच्या. पितळी फिल्टरच्या वरच्या भांड्यात पूड, तिच्यावर उकळतं पाणी, आणि मग गप्प बसायचं. खाली थेंब थेंब काळा अर्क जमेपर्यंत आम्ही तांदूळ निवडायचो, मुलींच्या वेण्या घालायचो. तिला माझ्याकडून मराठी यायला लागलं आणि मला तिच्याकडून कॉफी. बियांच्या वासावरून भाजणं कमी पडलंय की जास्त झालंय, हे मला कळायला लागलं. माझ्या आयुष्यात मला नीट कळणारी, आणि मीच ठरवायची अशी ती पहिली गोष्ट होती.

एकदा सासूबाई काय चाललंय ते बघायला आल्या. उंबऱ्यातच बसल्या, अर्धा पेला प्यायल्या आणि उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी बरोबर तीनला परत हजर. मामंजींना मात्र भाजण्याचा वास आला की ते गॅलरीत येऊन मुद्दाम खोकायचे. "ही मद्राशांची थेरं आता आपल्या घरात येणार," असं ते मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणायचे.

त्या हिवाळ्यात भावाच्या लग्नासाठी मी महिनाभर रोह्याला माहेरी गेले. परत आले तर राजमच्या खोलीत मामंजींचा पुतण्या बायकोसह राहायला आलेला.

"त्यांची बदली झाली," वसंत म्हणाला. माझ्याकडे न बघता.

आठवडाभर मी ते खरं मानलं. मग वाटलं, बदली झाली तर झाली, पण राजम मला दोन ओळी न लिहिता कशी जाईल? म्हणून मी अ‍ॅग्नेसबाईंकडे गेले. त्या आमच्या घरमालकांची बहीण. जुनं आंबोली गावातलं ख्रिस्ती घराणं, इमारत त्यांच्याच जमिनीवर. भाड्याचे, भाडेकरूंचे सगळे कागद अ‍ॅग्नेसबाई सांभाळायच्या.

"मला काय विचारतेस?" त्या म्हणाल्या. "तूच तर लिहिलंस."

त्यांनी पेटीतून एक अर्ज काढला. शेजारच्या बिऱ्हाडात सतत कॉफी भाजतात, धूर येतो, यंत्राचा खडखडाट होतो, माझी तीन वर्षांची मुलगी त्या धुराने खोकून खोकून हैराण आहे. खाली सह्या. पहिली सही माझी. सौ. सुमन.

मी तो अर्ज लिहिला नव्हता. सही माझी नव्हती. छबी त्या धुराने कधी खोकली नव्हती, उलट भाजताना तीच सगळ्यात पुढे बसायची. आणि सहीतलं अक्षर मी ओळखलं. वाण्याच्या याद्यांवर, माझ्या माहेरी जाणाऱ्या पत्रांवर तेच अक्षर असायचं. वसंतचं.

"बाकीच्यांच्या सह्यांवर माझा भाऊ गेला नसता," अ‍ॅग्नेसबाई म्हणाल्या. "लोकांना दुसऱ्याची खोली हवीच असते. पण तो म्हणाला, भिंतीला भिंत लागून राहणारी, रोज तिच्याकडे बसणारी बाईच तक्रार करते, म्हणजे खरं असणार."

म्हणजे माझ्या नावावर तिचं घर गेलं होतं. राजमची पत्रं पुढे पाठवायला त्यांनी घाटकोपरचा पत्ता ठेवला होता. तो मी उतरवून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसंत कामाला गेला, मामंजी देवळात गेले, आणि मी छबीला फ्रॉक घातला.

"कुठे निघालीस?" सासूबाईंनी विचारलं.

"घाटकोपरला."

"कुणाबरोबर?"

"छबीबरोबर."

त्यांनी ओळखलं. त्यांना सगळं ठाऊक होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं आणि आणखीच चीड आली. त्यांनी मला अडवलं नाही. छबीसाठी फडक्यात दशम्या बांधून दिल्या.

स्टेशनाबाहेरून कुर्ल्याच्या बाजूला जाणारी बस मिळायची. साकीनाक्यापर्यंतचं तिकीट दोन-तीन आण्यांच्या घरात होतं. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता विचारलं, "बाई, बरोबर कोण आहे?"

"मी आहे ना!" मी अशी ओरडले की पुढचे दोघे मागे वळले. बिचाऱ्याने दारातल्या गर्दीत छबी चेंगरू नये म्हणून विचारलं असावं. त्या दिवशी माझ्यासमोर येईल त्याची वाट लागत होती.

चकाला मागे पडलं की दोन्ही बाजूंना शेतं होती, मरोळकडे ताडाची झाडं, गावांच्या तोंडाशी पांढरे क्रूस. पुढे दगडाच्या खाणी. खाणींचे ट्रक पवईच्या बाजूने येत आणि बसच्या खिडक्यांतून पांढरी धूळ आत लोटत. छबीचे केस म्हातारीसारखे झाले. एरवी मी हसले असते.

साकीनाक्याला उतरून छबीला पाणी हवं म्हणून एका हॉटेलात शिरले. एकटीने हॉटेलात बसायची माझी ती पहिलीच वेळ. पोऱ्याने बायकांसाठीचा पडद्यामागचा बाक दाखवला. मी बाहेरच बसले आणि कॉफी मागवली. आली ती राखाडी, वर सायीचा जाड पापुद्रा, वास जळक्या चिकोरीचा. एक घोट घेऊन मी कप परत दिला.

गल्ल्यावरचा मालक उठून आला. "काय झालं? सगळे हीच पितात."

"मग सगळ्यांना वाईट देताय. दूध दहादा उकळलंय आणि कॉफी त्यात नावालाच आहे."

तो चाट पडला. पैसे मात्र त्याने पुरते घेतले. मी छबीला घेऊन बाहेर आले. दोन वर्षांपूर्वी तीच कॉफी मी मुकाट्याने प्यायले असते, वर छान झाली म्हणाले असते.

तिथून घाटकोपरचा टांगा चौथी सवारी आल्याशिवाय हलेना. अर्धा तास बसले, मग उतरले आणि चालायला लागले. आज मेट्रोने जाल तर असल्फ्याच्या टेकडीवरची दाटीवाटीची घरं डब्यातून दिसतील. मी त्या टेकडीच्या पायथ्याने छबीला कडेवर घेऊन भर दुपारी चालले. वाटेत एका बैलगाडीवाल्याने थोडं अंतर नेलं. त्याने पैसे घेतले नाहीत, माझ्याशी बोललाही नाही. माझा चेहराच तसा असावा.

घाटकोपर स्टेशनच्या पश्चिमेला एका चाळीच्या मागच्या अंगाला राजमची खोली होती. अंधेरीच्या खोलीच्या निम्मी. खिडकी एकच, तीही संडासाच्या बाजूला. दार राजमनेच उघडलं. मला बघून ती दारातून बाजूला झाली, पण 'ये' म्हणाली नाही. छबीला जवळ घेतलं, तिच्या केसांतली धूळ झटकली. मला पाणी दिलं.

कोपऱ्यात स्टोव्हजवळ फिल्टर होता. खोलीभर ताज्या कॉफीचा वास होता. तिने मला कॉफी विचारली नाही.

मी सगळं भडाभडा सांगितलं. मी रोह्याला होते, सही माझी नाही, मला कालच कळलं.

तिने ऐकून घेतलं. "कोणाची सही आहे?"

"यांची."

"तू नवऱ्याला विचारलंस?"

"अजून नाही."

"सासऱ्यांना?"

मी छबीचा फ्रॉक नीट करायला लागले.

"सुमन," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. तिला मी त्याआधी कधीच ओरडताना ऐकलं नव्हतं. "चार दिवसांत आम्हाला काढलं. माझ्या मुलीची परीक्षा होती. गॅलरीत सगळे उभे राहून बघत होते, सामान खाली नेताना एकजण पुढे आला नाही. मी रोज म्हणत होते, सुमन येईल, सुमन सांगेल. मग मालकाने तो कागद दाखवला." तिने श्वास घेतला. "आता तू इथे येऊन मला सांगतेस, माझी सही नाही. मला कशाला सांगतेस? मी काय करू? जिथे खोटं लिहिलं तिथे जाऊन सांग."

मला तिचाही राग आला. एवढी वणवण करून मी आले, आणि ही मलाच बोलते! मी छबीला उचललं आणि निघाले. जिना उतरेपर्यंत तो राग टिकला. खाली आल्यावर कळलं की तिच्या बोलण्यातला एक शब्द खोडता येत नाही. मी तिथे गेले होते ते तिने 'असू दे गं' म्हणावं म्हणून. तिने म्हणावं, आणि मग मला घरी काही बोलावं लागू नये म्हणून.

परतीला दादरवरून गाडी बदलून आले. त्या वाटेत सांगण्यासारखं काही नाही. छबी झोपली होती आणि मी मनात अर्ज लिहीत होते.

घरी पोचले तेव्हा पुरुष जेवायला बसत होते. मी पदर खोचून दारातच उभी राहिले.

"राजमकडे जाऊन आले. अर्जावर माझी सही तुम्ही केलीत," मी वसंतला म्हणाले.

त्याने हातातला घास खाली ठेवला.

"सूनबाई, आवाज खाली," मामंजी म्हणाले. "शेजारी ऐकतील."

"ऐकू देत. सह्या त्यांच्याही आहेत."

"एका कॉफीपायी घर मोडणार आहेस का?"

"घर मोडलंय मामंजी. राजमचं. तुम्ही मोडलंत, माझं नाव वापरून."

सासूबाई वाढता वाढता थांबल्या. मग त्यांनी भाताचं पातेलं खाली ठेवलं आणि आत निघून गेल्या. त्या दिवशी दोघांनी आपापलं वाढून घेतलं.

सकाळी मी माझ्या हाताने अर्ज लिहिला: पहिली सही माझी नाही, मजकूर खोटा आहे, माझ्या मुलीला खोकला नव्हता, शेजाऱ्यांचा मला कधीही त्रास झाला नाही. अ‍ॅग्नेसबाईंच्या भावाने तो वाचला आणि चष्मा काढला. "आता काय उपयोग, बाई? खोली दिली गेली."

"उपयोग नसू दे. त्या कागदाला हा टाचणीने लावा. माझ्यासमोर."

अ‍ॅग्नेसबाईंनीच टाचणी आणली. खोली राजमला परत मिळाली नाही. मामंजींचा पुतण्या तिथे पुढे कितीतरी वर्षं राहिला. मामंजी माझ्याशी शेवटपर्यंत बोलले नाहीत. काही हवं असलं की भिंतीकडे बघून मागायचे. मी राजमला कार्ड टाकलं. तिचं उलट कार्ड आलं, इंग्रजीत, दोन ओळींचं. मालकाला लिहून दिलंस हे चांगलं केलंस, छबीला आशीर्वाद. ये म्हणून लिहिलं नव्हतं. मी परत गेले नाही. तेव्हा अभिमान आड आला, आणि नंतर कळलं की ते लोक मद्रासला गेले.

त्या प्रवासातून माझ्याकडे काय राहिलं म्हणाल, तर कॉफी राहिली. माटुंग्याहून एक फिल्टर आणला, दळलेली पूड आणली, आणि दुपारी तीनला उघड्या दाराने कॉफी करायला लागले. मामंजी गॅलरीत खोकत राहिले. सासूबाई पाट घेऊन यायच्या आणि आम्ही दोघी प्यायचो. चोथ्याचा चहा त्या घरात पुन्हा झाला नाही.

वर्षभराने एका रविवारी वसंत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"बाबांनी सांगितलं म्हणून मी सही केली," तो म्हणाला.

"ठाऊक आहे मला," मी म्हणाले. "त्याचाच तर राग आहे."