फुकटाचा फर्मा

दोरीवरचा चिमटा काढायचा, कागद झटकायचा आणि खिडकीच्या गजांतून बाहेर सरकवायचा. सोबत समोरच्या काकूंचं एकच वाक्य: "घेऊन जाय वो पोट्टे, कागदच त हाये."

तो नुसता कागद नव्हता. वर्तमानपत्रावर कापलेला ब्लाउजचा फर्मा होता. कापडावर ठेवा, खडूनं आखा, कात्री चालवा. आता तुम्हीच सांगा, ज्या विद्येवर माझी चूल पेटते, ती कोणी समोरच्या खिडकीतून वाटत सुटलं तर घास गिळवेल?

समता कॉलनीत माझा शिवण क्लास आहे. वरुडहून लग्न होऊन मी रायपूरला आले. नवरा उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात शिफ्टवर. एका टेलरमास्तरच्या दुकानात मी तीन वर्षं फुकट हुक लावले, तेव्हा कुठं त्यानं मला ब्लाउजची कटोरी कापू दिली. ती तीन वर्षं मी अजून विसरलेली नाही. आणि ही रेल्वेतून निवृत्त झालेली पेन्शनवाली काकू तीच कटोरी चिमट्याला लावून टांगते! वर मोबाईल सुतळीनं टांगून व्हिडिओही टाकते. त्यात चेहरा नाही, नाव नाही, नुसते दोन हात.

माझ्या क्लासच्या पोरी गळू लागल्या. रोज सकाळी मी दारातल्या चपलांचे जोड मोजायची आणि रोज एखादा कमीच भरायचा. त्याहून जास्त भीती दुसऱ्याच गोष्टीची होती. या बाईला हवंय तरी काय? ज्याला काही हवं असतं, त्याच्याशी भाव करता येतो. हिच्याशी कशाचा करणार?

पंडरी बाजारातल्या कापडवाल्यांना भावात रडवणारी मी. एक दिवस तावातावानं गेलेच.

"काकू, पोरींकडून काहीतरी घेत जा. फर्म्याचे शंभर घ्या."

"काहून?"

"बरं, पन्नास घ्या."

"नको वो."

"चला, वीस. शेवटचं सांगते."

काकूंना हसता हसता ठसका लागला. "अवो बाई, तुम्ही उतरून काहून राहिल्या? मी त शून्यावरच बसून राहिली!"

भाव करायची माझी जन्माची सवय, दुसरं काय. पण त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. हाताला लागला तो फर्मा दोरीवरून ओढून मी टराटरा फाडला. काकूंनी तुकडे वेचले. "कागदच त हाये," म्हणाल्या, पण या वेळी हसल्या नाहीत. बराच वेळ माझ्या खांद्यांकडे बघत राहिल्या. मी पदर खांद्यावर ओढला आणि निघून आले.

पंधरा दिवसांनी एक पोट्टी रडवेली होऊन दारात उभी. "दीदी, बगल में खिंच रहा है. ठीक कैसे करूँ?" मग दुसरी आली, मग तिसरी. फर्मा फुकट, पण एकाच मापाचा. अंग मात्र प्रत्येकीचं निराळं. कापड बिघडलं की शिकायची गरज कळते. क्लास पुन्हा भरला. पदर खोचून मी म्हटलं, कळली ना फुकटाची किंमत!

तेव्हा ती पहिली पोट्टी सहज बोलली, "काकू ने ही तो भेजा था. सबको बोलती हैं, बिगड़े तो सामने जाओ, वैसा हाथ पूरे रायपुर में नहीं."

मी खडूनं तिच्या बगलेची रेघ नव्यानं आखून दिली. फी मात्र मी एक रुपया कमी केली नाही.

खरं सांगते, ती खिडकी बंद व्हावी म्हणून मी देवीला नवस बोलले होते. तो फेडायची वेळ आली. काकूंचे गुडघे गेले आणि मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली. व्हिडिओ थांबले. रिकाम्या दोरीवर चिमटे तेवढे उरले.

आता फुकटाचे फर्मे नाहीत, म्हणून बिघडलेले ब्लाउज घेऊनही कोणी येत नाही. दारातल्या चपला पुन्हा कमी होऊन राहिल्या आहेत, आणि रागावायला समोर कोणी नाही.

जाताना काकूंनी शेजारणीच्या हाती माझ्यासाठी एक घडी ठेवली होती. ब्लाउजचा फर्मा. कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेलं, "समोरच्या बाईसाठी". माझं माप त्यांनी कधी घेतलं नव्हतं.

ब्लाउज मी शिवला. खुंटीवर लटकतोय. अंगात घालायचा मात्र धीर होत नाही. तो बरोबर बसेल, याचीच मला भीती वाटते.