चंपतभाऊनं तोलून घेतलेलं हेलिकॉप्टर

आमच्या अंजूच्या बाबाले गावात चंपतभाऊ म्हंतात. हा मानूस सारं जग हातावर तोलून पाह्यते. कोबीचा गड्डा उचलला की न कापता सांगते, आतून भरला हाये का पोकळ. तेवढं येते त्याइले, खोटं कायले बोलू? पन मंग चप्पलबी तशीच घेतात, टॉर्चबी तसाच. मले पाहाले आले तवा चहा पेयाच्या आंधी कप तोलला होता. मी दाराआडून पायलं. तवाच नाई म्हनाले पाह्यजे होतं, बाप्पा!

अंजू पंधराची. मागच्या हंगामात शेजारच्या वावरात फवारनीचा ड्रोन आला, त पोट्टी दिवसभर त्याच्या मांगं. चालवनारा हासला, "पोरीयचे हात थरथरतात, तुले नाई जमनार." तवापासून घरात एकच धोशा. आंधी रिमोटचं हेलिकॉप्टर पाह्यजे, त्याच्यावर हात बसवीन, अन् दहावी झाली की ड्रोनचं शिकीन. बाबा हो म्हनले, पन कसे? "एकच घेऊन देईन. मोडलं त ड्रोनचं नाव नाई काढाचं. शिलाईच्या क्लासले जाचं."

आता निवडाले कोन गेलं? अंजू? छ्या! तिले काय समजते! गेले हे, अन् संगं यायचा भासा, बहिनीचा पोरगा धीरज. तो अकोल्याले इंजिनेरीले हाये. मोबाइलवर चार इडिओ पायले की झाला शानपना सुरू. भाजी इकून झाली होती, म्हनून रिकामे पोते घेऊन मीबी मांगं मांगं.

वाशीमच्या बजारात जमशेदभाईचं खेळन्याचं दुकान हाये. त्यायनं पह्यले इचारलं, "चालवनार कोन?"

"पोरगी," हे म्हनले.

"पह्यलीच बार?"

"हो."

जमशेदभाईनं तळहाताएवढं हेलिकॉप्टर काढलं. एकावर एक दोन पंखे, तेबी नरम. "हे घ्या भाऊ. हवेत आपोआप थीर राह्यते, घरातल्या घरात उडते. धा बार पडन, पन मोडनार नाई. सीखनेवाले के लिये यहीच सही."

चंपतभाऊनं हातावर घेतलं अन् तोंड असं केलं, जसं कोथिंबिरीच्या जुडीत गवत निंघालं. "याच्यात दमच नाई. हलकं हाये."

"हलकं हाये म्हनूनच त मोडत नाई! कोबी घेऊन राह्यले का भाऊ?"

"मामा, हे लेकरायचं हाये," आमचा इंजिनेर बोलला. "ते मोठं घ्या."

मोठं म्हनजे हातभर लांब, पंखा कडक, अंगानं जड. यायनं ते तोललं अन् मान हालवली. जमशेदभाईनं कपाळाले हात लावला. अंजूचा हात कसा बसन, हे दोघाइलेबी नाई सुचलं. मीबी आपली पोते सांभाळत उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंगनात अर्धं गाव जमा. अंजूनं सोबतचा कागद दोनदा वाचला होता. पन रिमोट गेला धीरजच्या हातात. "पाह्य, असं असते," म्हने, अन् देला दांडा रेटून. ते वर गेलं, आडवं झालं अन् गोठ्याच्या टिनावर आदळलं. शेपूट एकीकडं, पंख्याचे दोन तुकडे. इंजिनेर साहेब म्हने, वारा होता! पान हालत नोयतं झाडाचं.

अन् आमचे हे काय म्हनले? "मोडलं ना? आता शिलाई." मोडलं कोनं, अन् शिक्षा कोनाले! अंजूनं त ते एकदाबी उडवलं नोयतं. ती रडली नाई, तुकडे येचत बसली.

आता खरं सांगू? अंजूच्या हातातून रिमोट काढून धीरजले मीच देला होता. "तू मोडशीन व, आंधी त्याले उडवू दे," असं माह्याच तोंडातून निंघालं. त्या ड्रोनवाल्यात अन् माह्यात काय फरक राह्यला? लाज वाटली मले माही.

चार दिसानं मी एकटीच जमशेदभाईच्या दुकानात गेली. ते छोटं मांगतलं, डोक्याएवढ्या उंचीवर उचललं अन् फरशीवर सोडून देलं. त्याले काहीच झालं नाई. जमशेदभाई म्हनले, "भाभी, ऐसा टेस्ट किसीने नहीं किया." मी तेच घेतलं.

महिनाभर अंजूनं कांद्याच्या खोलीत दार लावून उडवलं. कितींदा पडलं, मी मोजलं नाई. मंग एक दिवस तिनं बाबाले बोलावलं. "बाबा, हात पुढं करा." यायनं केला. हेलिकॉप्टर कांद्यावरून आलं, थीर झालं अन् अलगद यायच्या तळहातावर बसलं. चंपतभाऊनं हात वरखाली करून ते तोललं. मंग म्हनले, "हलकंच हाये." शिलाईचं नाव नाई काढलं.

धीरज आला होता, त्यानं लगेच हात पुढं केला. "दे इकडं." अंजू त्याच्या बाजूनं निंघून माह्याकडं आली अन् रिमोट माह्या हातात देला.

"आई, तू उडव."

"अवं, मोडन माह्या हातून."

"मोडू दे."

माहे हात थरथरून राह्यले होते. तिनं पायलं, पन रिमोट काही काढून घेतला नाई.