तीनाने भाग

कसब्यातल्या बागेत रोज सकाळी माझ्या बाकावर एक कडक इस्त्रीचे गृहस्थ येत. नाव मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. रुमालाने बाक पुसायचे, तोही स्वतःपुरता. मग वही उघडून भागाकार मांडायचे.

"माझ्या पेन्शनबुकाचा नंबर, ५१४३७६७. मूळ संख्या आहे, अहो! कशानेही भाग जात नाही. असा नंबर मिळायला नशीब लागतं."

हे मी दोन महिने ऐकलं. मी तिसरी शिकलेला तांबट. पण अंकांची बेरीज तीनाच्या पाढ्यात आली की तीनाने भाग जातो, हे मास्तरांनी मला छडीने शिकवलंय. बेरीज आली तेहेतीस.

"तीनाने बघितलंत का?"

"तीनाने? मी एम.एस्सी. आहे. सत्त्याण्णवच्या खाली उतरत नाही."

"मग आज उतरा."

ते उतरले. भाग गेला. वही मिटून निघाले आणि दुसऱ्या दिवसापासून समोरच्या बाकावर बसू लागले.

मी बरोबरच होतो. काल माझ्या रेशनकार्डाचा नंबर मांडला. तीनाने जात नाही, साताने जात नाही, तेरानेही नाही. सांगावं असा माणूस समोरच बसलाय. पण उठून मी काही जाणार नाही.